लेखी द्या

चकलीच्या सोऱ्याचा दांडा फिरवणे हे दिवाळीतले माझे एकमेव अधिकृत काम. २०२४ च्या ऑक्टोबरात, २८ तारखेच्या सोमवारी, ते काम मी मन लावून करीत असता फोन वाजला. पलीकडचा आवाज भारदस्त होता आणि मराठी स्वच्छ होते.

"प्राप्तिकर खात्यातून बोलतोय. आपल्या पॅन क्रमांकावर तीन वर्षांची थकबाकी निघते आहे. आज संध्याकाळपर्यंत भरणा झाला नाही तर मी अटकेचा आदेश काढीन. फोन ठेवू नका आणि घरात कोणाशी बोलू नका."

आता गंमत पाहा. आदल्याच दिवशी, रविवारी, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये याच ठकांविषयी साऱ्या देशाला सावध केले होते. 'डिजिटल अरेस्ट' नावाची वस्तू कायद्यात नाही, हे मी माझ्या कानांनी ऐकले होते. एवढेच काय, या विषयात आमच्या घरात माझ्याइतका अनुभवी माणूस दुसरा नाही. तरी मी काय केले? पिठाचा हात लेंग्याला पुसून मी उभा राहिलो. टेलिफोनपुढे उभा! आणि "हो साहेब" म्हणालो.

शेवटी नववीतल्या माझ्या मुलीने फोन माझ्या हातातून काढून घेतला, बंद केला आणि १९३० हा तक्रारीचा क्रमांक माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. मग म्हणाली, "बाबा, बसा आता. चकली मोडतेय."

हे उभे राहणे मी शिकलो कुठे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझे वडील साताऱ्यास माध्यमिक शाळेत शिक्षक होते. आयुष्यात त्यांनी कोणाचा पैसा बुडवला नाही की एस. टी.चे तिकीट चुकवले नाही. तरी १९८८ साली एका दुपारी 'ऑन इंडिया गव्हर्नमेंट सर्व्हिस' असे छापलेले एक खाकी पाकीट पोस्टमनने आणून दिले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पाकीट त्यांनी फोडले नाही. देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागे ठेवून दिले. दोन दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. आईने तर गोडाचा शिराही रद्द केला. तिसऱ्या दिवशी स्नान करून, पूजा आटोपून, त्यांनी ते पाकीट कात्रीने अगदी काठाकाठाने कापले. आत एकशे चौदा रुपयांचा परतावा होता. त्यांच्या पगारातून जास्त कापलेला कर सरकार परत देत होते!

आनंद? छे. वडिलांनी तो कागद तीनदा वाचला आणि आईला म्हणाले, "त्यांची काही चूक तर नसेल ना झाली?"

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. सरकारशी तोंडी बोलायचे नाही. कोणी कारकून काही तोंडी सांगू लागला की ते नम्रपणे, पण हटून म्हणत, "लेखी द्या." घरपट्टीपासून रेशनकार्डापर्यंत प्रत्येक कागदाची पोच त्यांच्या ट्रंकेत होती. आम्ही भावंडे त्यांना मागून हसत असू.

मी मराठीचा प्राध्यापक झाल्यावर त्या खाकी पाकिटाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. सरकारी पत्राला कर्ता नसतो, हे आपल्या ध्यानात आले आहे का? "आपणांस याद्वारे कळविण्यात येते की"... कोण कळवतो? कोणीच नाही. कळवले जाते. मंजुरी देण्यात येते, अर्ज फेटाळण्यात येतो, दंड आकारण्यात येतो. सरकारला सारे येते, फक्त 'मी' म्हणता येत नाही. वर्गात प्रयोग शिकवताना मी ही पत्रे उदाहरणादाखल वाचून दाखवतो, पोरे हसतात. पण या बिनकर्त्याच्या भाषेत एक सुरक्षितताही आहे. तिथे कोणी एक माणूस तुमच्यावर रागावलेला नसतो. 'मी अटकेचा आदेश काढीन' हे वाक्य सरकारचे नव्हे. व्याकरणानेच ते खोटे पडते. हे मला सोऱ्या हातात असताना सुचायला हवे होते; सुचले दुसऱ्या दिवशी, अभ्यंगाचे तेल कोमट करताना.

परंतु मला सांगायची गोष्ट त्याआधी आठ वर्षांची आहे.

२०१६ च्या मे महिन्याच्या सुटीत मी अमेरिकेस मावशीकडे गेलो होतो. मावशी न्यू जर्सीत एडिसनला राहते. १९७० साली लग्न होऊन गेली, ती तिथलीच झाली. गावच्या ग्रंथालयात वीस वर्षे नोकरी केली. मुलगा, सून, नातवंडे जवळच. काका दोन वर्षांपूर्वी वारले होते. घरातला कराचा कारभार सगळा काकांकडे. मार्च आला की ते जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसत, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्या टेबलावर जेवण्याची सोय नसे. मावशी त्या टेबलाला 'कचेरी' म्हणे. काका गेल्यावर कचेरी उठली. एक हिशेबनीस येऊन कागद घेऊन जाई, मावशी तो सांगेल तिथे सही करी, आणि रात्री तिला वाटत राही की कुठेतरी काहीतरी राहिले.

मी पोहोचून तीनच दिवस झाले होते. झोपेचे सगळे वेळापत्रक उलटे. पहाटे दोनपासून टक्क जागा होतो, न्याहारी करून पुन्हा वर जाऊन आडवा झालो. त्या वेळी सकाळचे अकरा वाजत होते. पुढची हकिकत मी मावशीच्या तोंडून नंतर ऐकलेली. शेवटची तेवढी डोळ्यांनी पाहिलेली.

तिच्या फोनवर कोणाचा तरी निरोप येऊन पडला होता. क्रमांक वॉशिंग्टनचा, २०२ ने सुरू होणारा. इंटर्नल रेव्हेन्यू सर्व्हिस, म्हणजे तिथले प्राप्तिकर खाते, तुमच्याविरुद्ध खटला भरीत आहे, ताबडतोब या क्रमांकावर बोला. मावशीने बोलावले म्हणून मी आलो होतो, घरात होतो, जिन्याच्या वर झोपलो होतो. तिने मला उठवले नाही. फोन तिने स्वतःच फिरवला. या एका गोष्टीचे तिला पुढे फार वाईट वाटत राहिले. "मीच केला रे फोन. त्यानं नाही."

फोनवरच्या अधिकाऱ्याने आपले नाव कुठलेसे साहेबी सांगितले, बिल्ल्याचा क्रमांक सांगितला. मावशीचे नाव, पत्ता त्याच्यापाशी होता. काकांचे नावही त्याला ठाऊक होते. थकबाकी काकांच्या काळातली, असे तो म्हणाला. मेलेल्या नवऱ्याचे देणे! आमच्या आजोळच्या बायकांना याहून मोठी धास्ती दुसरी नाही. कोर्टाची पायरी चढू नये म्हणणारी ती माणसे. त्यांच्या मुलीला सांगण्यात आले की अर्ध्या तासात पोलीस दारात येतील, शेजारी पाहतील, आणि हे मिटवायचे असेल तर फोन चालू ठेवून, कोणाशी न बोलता, दुकानात जायचे.

ती गेली. पर्समध्ये चालू फोन ठेवून स्वतः गाडी चालवीत गेली. औषधाच्या दुकानात गाणी आणि खेळ विकत घेण्याची भेटकार्डे टांगलेली असतात. पाचशे डॉलरचे एक, अशी चार घेतली. गल्ल्यावरच्या मुलीने विचारले, "एवढी कार्डं कोणाला?" हेही अधिकाऱ्याने आधीच पढवून ठेवले होते. मावशी म्हणाली, "नातवंडांना. वाढदिवस आहेत."

मग गाडीत बसून तिने नाण्याने कार्डामागची रुपेरी पट्टी खरवडली आणि खालची सोळा अंक-अक्षरे एकेक करून वाचून दाखवली. चार कार्डे, चौसष्ट. ग्रंथालयात पुस्तकांचे क्रमांक वाचायची जन्मभराची सवय; एकही चुकली नाही. दोन हजार डॉलर गेले. त्या वेळच्या भावाने एक लाख तीस हजार रुपयांहून अधिक.

पैशाचे दुःख तिने आठवड्याभरात गिळले. पण त्या गल्ल्यावरच्या मुलीचे नाही. "ती बिचारी मला सावध करायला विचारत होती," मावशी अजून म्हणते, "आणि मी तिच्याशी खोटं बोलले."

अधिकाऱ्याला आणखी तीन हजार हवे होते. बँकेच्या एका कार्डाची मर्यादा संपली, म्हणून दुसरे न्यायला ती घरी आली. गॅरेजचे दार वाजले आणि मी जागा होऊन खाली आलो. "कुठे जाऊन आलीस?" म्हणून विचारले. तिने कानाला फोन धरलेला; ओठांवर बोट ठेवून मला गप्प केले. मला वाटले, विम्याचे कोणी असेल. आता हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो: मी चहा टाकला. माझ्यापुरता एक कप. तो घेऊन खिडकीपाशी बसलो आणि बाहेरच्या झाडावरची खार पाहत राहिलो. माझ्या पाठीमागे दहा हातांवर एक माणूस माझ्या मावशीला लुटत होता आणि मी फुंकून फुंकून चहा पीत होतो.

मागून मावशीचा आवाज आला. रडका, आणि मराठी. "अगं आई गं, आता मी कुठून आणू?"

मी वळलो. मावशी फोनकडे चमत्कारिक नजरेने पाहत होती. नंतर तिने सांगितले ते असे: ती मराठीत रडली आणि तो थांबला. इतका वेळ पाण्यासारखा बोलणारा माणूस एकदम गप्प झाला. पाठीमागे खूप माणसांचा गलबला ऐकू येत होता, पण तो बोलेना. मग हलकेच, इंग्रजीतच, म्हणाला, "रडू नका, बाई." आणि पुन्हा क्षणभर थांबून म्हणाला, "तीन हजार."

"त्याला कळलं होतं रे," मावशी म्हणाली. "मी काय म्हणाले ते त्याला कळलं होतं."

मी फोन घेतला. आता मी काही पराक्रम केला असेल अशी कोणाची अपेक्षा असल्यास आधीच क्षमा मागतो. तो म्हणाला, "तुम्ही कोण? सरकारी कामात अडथळा आणीत आहात." आणि मी म्हणालो, "सॉरी, सर." दोनदा म्हणालो. तो माझा व्हिसा, माझे नाव विचारू लागला आणि मी नाव सांगण्यासाठी तोंड उघडले. उघडले, आणि त्यातून माझ्या वडिलांचे वाक्य बाहेर पडले. इंग्रजीत, आणि फार गयावया करून. म्हणालो, "सर, आम्ही भरतो. सगळे भरतो. तेवढे आपण लेखी द्या."

तो म्हणाला, लेखी मिळणार नाही. मी म्हणालो, साधे पत्र चालेल, सर. तो म्हणाला, पोलीस निघाले आहेत. मी म्हणालो, मग त्यांच्याबरोबर पाठवा, सर. हा विनोद नव्हता. मला खरोखरच तसे वाटले. पलीकडे एक शिवी ऐकू आली आणि फोन बंद झाला.

त्यानंतर आम्ही दोघे काय करीत होतो? पडदे ओढून, दिवे मालवून, अर्धा तास सोफ्यावर बसून होतो. दूर कुठे भोंगा वाजला की मावशी माझा हात घट्ट धरी. भामटा आहे हे आम्हांला जवळजवळ कळले होते, तरी बसलो होतो. मावसभाऊ कामावरून धावत आला, त्याने दिवे लावले, आणि आईला काही न बोलता कपाटातून एक जुने पत्र काढून टेबलावर ठेवले. त्या खात्याचे खरे पत्र असे असते, म्हणाला. पाने पाच-सहा, रटाळ, आकड्यांचे तक्ते, आणि एक मथळा: हे तुम्हांला मान्य नसेल तर काय करावे. खरे खाते आधी टपालाने लिहिते, मुदत देते, हरकत घेऊ देते. भेटकार्डांवर कर घेणारे सरकार पृथ्वीच्या पाठीवर कुठे नाही. मावशीने तो मथळा चष्मा लावून वाचला. म्हणाली, "मान्य आहे का म्हणून विचारतात?"

भावाने तिथल्या महानिरीक्षकांच्या कार्यालयात तक्रार नोंदवली, कार्डे विकणाऱ्या कंपनीला फोन केला. चारही कार्डे तोवर रिकामी झाली होती.

मी परत आलो आणि नवे सत्र सुरू झाले. नवरात्रात, ५ ऑक्टोबर २०१६ च्या सुमारास, बातमी फुटली. ठाणे पोलिसांनी आदल्या रात्री मीरा रोडला छापे घातले होते. मजलेच्या मजले भरून तरुण मुले-मुली अमेरिकन नावे धारण करून, अमेरिकन उच्चारांत, तिकडच्या लोकांना 'तुम्ही कर बुडवला आहे' म्हणून दटावीत होती. सुमारे सातशे जणांना ताब्यात घेतले, सत्तर जणांना अटक झाली, बाकीच्यांना चौकशीच्या नोटिसा देऊन सोडले. मीरा रोड! मी नेहमीच्या लोकलने रोज त्या स्टेशनावरून जातो. एडिसनला सकाळचे अकरा म्हणजे इथे रात्रीचे साडेआठ. म्हणजे मी वरच्या खोलीत झोपलो होतो तेव्हा, कोण जाणे, आमच्याच गाडीतून उतरलेला कोणी जिना चढून कामावर रुजू झाला असेल. असेच अड्डे अहमदाबादेसही होते. त्याच महिन्याच्या २७ तारखेला अमेरिकेच्या न्यायखात्याने छप्पन माणसे आणि अहमदाबादची पाच कॉल सेंटरे यांच्यावर आरोप ठेवले. नावे-पत्ते माहितीचे व्यापारी विकत, आणि पैसा तिकडच्या तिकडे उचलायला अमेरिकेतच हस्तक नेमलेले. त्यांपैकी एकवीस जणांना २०१८ च्या जुलैत तिथे शिक्षा झाल्या. जास्तीत जास्त वीस वर्षांची.

मी ही कात्रणे मावशीला पाठवली नाहीत. का, ते सांगतो.

नोव्हेंबरात, हजार-पाचशेच्या नोटा बंद झाल्या त्या आठवड्यात, निम्मा प्राध्यापकवर्ग बँकेच्या रांगेत असताना, एक माजी विद्यार्थी मला भेटायला आला. कॉलेज सोडून त्याला दोन वर्षे झाली होती. वर्गात विशेष नव्हता. पण आवाज असा की बाकावरून "हजर सर" म्हणाला तरी मान वर करून पाहावे. मीच त्याला वक्तृत्वस्पर्धेत उभा केला होता. संध्याकाळी रिकाम्या वर्गात आम्ही तासन् तास घासत असू. त्याचा 'चहा'तला च आणि 'चाक'मधला च एकच येई. तो सोडवण्यात एक महिना गेला. आंतरमहाविद्यालयीन चषक त्याने आणला, त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते.

तो चारित्र्याचा दाखला मागायला आला होता. वकिलाने सांगितले म्हणे. त्याला नोटीस आली होती.

मी दार लोटून घेतले. "काय काम करायचास तिथे?"

"सर, आधी सांगितलं होतं की कर्जवसुलीचं काम आहे. अमेरिकेतल्या लोकांचं." तो जमिनीकडे पाहून बोलत होता. "दोन दिवसांत कळलं."

"मग सोडलं का नाहीस?"

"पगार व्हायचा होता, सर. पहिला झाला, मग दुसरा." पंधरा हजार आणि वर कमिशन. आमच्याकडे तासिकेवर शिकवणाऱ्या एम. ए. झालेल्या मुलीला त्याच्या निम्मेही मिळत नव्हते, हे मला ठाऊक होते आणि त्यालाही.

हळूहळू तो बोलता झाला. निरोप हजारोंना एकदम सुटत. जे उलट फोन करीत ते आधीच घाबरलेले असत. सुरुवात करणारे वेगळे. बावरलेले गिऱ्हाईक हाती आले की फोन 'क्लोजर'कडे द्यायचा. हा तिसऱ्या महिन्यात क्लोजर झाला होता. आवाजामुळे.

"तिथले बाकीचे ओरडायचे, सर," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे पाहिले. "मी नाही ओरडलो कधी. तुम्ही सांगितलेलं ना, माणसाला धाक घालायचा तर आवाज चढवायचा नाही, उतरवायचा. आणि मुख्य शब्दाच्या आधी थांबायचं. विराम. तुमचाच, सर. आपण थांबलो ना, की समोरचाच घाबरून बोलायला लागतो."

हे तो मला खूश करायला म्हणत नव्हता, दुखवायलाही नाही. अभ्यासक्रमातले उत्तर द्यावे तसे म्हणाला.

मी टेबलावरचा पेपरवेट फिरवीत राहिलो. शेवटी विचारले, "आपली माणसं असायची का कधी? मराठी?"

"असायची."

"रडायची?"

"रोज कोणी ना कोणी रडायचंच, सर."

"मग तू काय करायचास?"

तो थांबला. कितीतरी वेळ थांबला. आता हा विराम कुठला, माझा की त्याचा स्वतःचा, हे मला त्या दिवशी कळले नाही आणि अजूनही कळलेले नाही. मेमध्ये तू तिथे होतास का, हे मी विचारणार होतो. त्या हॉलमध्ये, त्या इमारतींत, शेकडो मुले होती, अहमदाबादेस आणखी. तोच असण्याचा संभव किती? हिशेबाने जवळजवळ शून्य. तरी मी विचारले नाही. त्याने 'हो' म्हटले असते तर दाखला देता आला नसता, आणि 'नाही' म्हटले असते तर माझा विश्वास बसला नसता.

दाखला दिला. कॉलेजच्या कोऱ्या कागदावर, माझ्या हाताने, असा: सदर विद्यार्थी अमुक ते तमुक या कालावधीत या महाविद्यालयात शिकत होता, त्या कालावधीत त्याची वर्तणूक चांगली असल्याचे आढळून आले, मागणीवरून हा दाखला देण्यात येत आहे. लिहून झाल्यावर वाचून पाहिले. कर्ता कुठेच नव्हता. आढळून आले, देण्यात येत आहे. वर्गात ज्या भाषेला मी हसतो, तीत मी किती सफाईने लपलो होतो! त्याने कागद दोन्ही हातांनी घेतला, वाकून नमस्कार केला आणि गेला. पाठोपाठ मी वक्तृत्वमंडळाच्या कामातून मोकळे होण्याचा अर्ज लिहिला. दोन दिवस खिशात ठेवला आणि फाडून टाकला. अजूनही दर जुलैत नवी पोरे येतात. त्यांना मी च सोडवून देतो, 'श' आणि 'ष' सांगतो. विरामापाशी आलो की थोडा अडखळतो.

हे सगळे मावशीला सांगायला मला आठ वर्षे लागली. सोऱ्या हातात धरून मी टेलिफोनपुढे उभा राहिलो, त्याच रात्री तिला फोन केला. १ ऑक्टोबर २०१९ पासून आपल्या प्राप्तिकर खात्याच्या पत्रांवर एक दस्तऐवज क्रमांक छापतात, तो खात्याच्या संकेतस्थळावर टाकून पत्र खरे की खोटे ते कोणालाही पडताळता येते. हे मी तिला मोठ्या ऐटीने सांगितले. तिने तेवढ्याच ऐटीने सांगितले की ती आता तिथल्या ज्येष्ठांच्या मंडळात यावर बोलते. गल्ल्यावरच्या मुलीची गोष्ट सांगते. त्या मुलीने असे विचारले तर खरे उत्तर द्या, म्हणते. त्या औषधाच्या दुकानात ती महिन्याने परत गेली होती, पण ती मुलगी काम सोडून गेली होती.

मग मी हळूच विषय काढला. माझा एक विद्यार्थी, मीरा रोड, नोटीस, दाखला. एवढे सांगितले. विरामाचे मात्र सांगितले नाही. तिच्यापाशी त्या दिवसातली एकच गोष्ट जपून ठेवण्याजोगी आहे, की तो थांबला होता. ती मी कशी काढून घेऊ?

मावशी पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मला वाटले, रागावली. तिकडे तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती उठून गॅस बारीक करून आल्याचे मला ऐकू आले.

"मग त्याला पुढे नोकरी लागली का रे?" तिने विचारले.

मला ठाऊक नव्हते. मी तसे सांगितले.

"विचार की एकदा. नंबर असेल ना तुझ्याकडे?"

नंबर आहे.